बारावीपर्यंत युनिफॉर्म होता, आता पणजीला कॉलेज. रोज काय घालायचं आणि सोशलला काय?

सत्तरीची_पोर

नमस्कार सगळ्यांना. मी वाळपईच्या पुढच्या एका गावातली, बारावी सायन्स झालं आणि पणजीच्या एका कॉलेजात बीएस्सीला ॲडमिशन मिळाली. हायर सेकंडरी संपेपर्यंत युनिफॉर्म होता त्यामुळे सकाळी काय घालू हा विचारच कधी करावा लागला नाही, ओढणीला दोन पिना मारल्या की निघाले. आता रोज कलर ड्रेस. कपाट उघडलं तर बाहेर घालण्यासारखे म्हणजे चवथीचे (गणपतीतले) दोन ड्रेस, मावसबहिणीच्या लग्नातला घागरा (तो कॉलेजात चालत नाही एवढं मलाही कळतं हं), आणि एक जीन्स जी कमरेत बसते पण सीटवर बसलं की बसत नाही. बाकी सगळं घरात घालायचं.

रोज घरून ये-जा करणार, कदंबाच्या बसने, पास काढायचाय. आमच्याकडे जून-जुलैत पाऊस कसा पडतो ते सत्तरीतल्यांना सांगायला नको, घरापासून स्टॉपपर्यंत नुसती तांबडी माती. बाबांनी चार हजार दिलेत आणि चपला छत्री बॅग सगळं त्यातच बसव म्हणालेत.

दुसरं म्हणजे ऑगस्टमध्ये फ्रेशर्स सोशल आहे. सिनियर्सनी ग्रुपवर टाकलंय की थीम ब्लॅक अँड रेड. आई म्हणते कॉलेजातल्या पहिल्याच कार्यक्रमाला काळं घालून जायचं नाही. आणि सोशल म्हणजे नक्की असतं काय? आमच्याकडे गॅदरिंग असायचं, नाचणारे स्टेजवर आणि आम्ही खाली. तिसरं, ट्रॅडिशनल डेला वर्गातल्या मुलींनी मिळून कुणबी साडी नेसायचं चाललंय, ती कुठे मिळते?

प्रॉस्पेक्टसमध्ये ‘सभ्य पोशाख’ एवढंच लिहिलंय, त्याचा अर्थ काय घ्यायचा? स्लीव्हलेस चालतं का? ॲडमिशनच्या दिवशी ताळगाव-दोनापावलच्या मुली इतक्या सहज साध्या कपड्यात आल्या होत्या, आणि मी इस्त्री मारलेला सिल्कचा ड्रेस घालून करवलीसारखी उभी. हसू नका, खरं खरं सांगा.

पेडण्याची_ऊर्मट

हसत नाही गो, खेड्यातून येणाऱ्या सगळ्यांचं हेच होतं. मी पेडण्याहून म्हापशाला बस बदलून येते, शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे बस आणि पाऊस या दोन विषयांत माझी पीएचडी झालीय.

पहिलं, जीन्स चवथ होईपर्यंत विसर. खालची कड भिजली की पाणी वर चढत चढत गुडघ्यापर्यंत येतं, मग पहिलं लेक्चर पंख्याखाली कुडकुडत, आणि घरी गेल्यावर ती दोन दोन दिवस वाळत नाही, चुलीवरच्या दांडीवर टाकली तर दुसऱ्या दिवशी सगळ्या बसला कळतं की तुमच्याकडे चूल आहे. त्यापेक्षा घोट्याच्या वर राहणाऱ्या पँट घे, पॉलिकॉटनच्या, गडद रंगाच्या. प्युअर कॉटन ऐकायला छान पण पावसात ते पाणी धरून बसतं, पॉलिकॉटन रात्रभर पंख्याखाली वाळतं. कॉटन ऑक्टोबर हीटसाठी राखून ठेव, तेव्हा दुसरं काही अंगावर सहनच होत नाही.

कुर्ती गुडघ्यापर्यंतची. पायघोळ अजिबात नको, बसच्या पायरीवर स्वतःच्याच पायाखाली येते आणि मागून आजोबा ‘चल गो बाय, चल’ करत असतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रेयॉनच्या कुर्त्यांचे ढीग असतात, स्वस्त आणि अंगाला मऊ, पण रेयॉन पहिल्या धुण्यातच आखूड होतो म्हणून एक साइज मोठीच उचल, आणि ओला असताना त्याला जीव नसतो, जोरात पिळलास तर शिवणीला उसवतो. बाजारात सकाळी जा, दुपारनंतर उरलेसुरले रंग असतात. भाव कर, पण दुकानदारीणबाई भवानीच्या वेळेला असेल तर फार ताणू नको, ती देईलच आपणहून.

चप्पल. चामड्याची नको, आठ दिवस कोपऱ्यात राहिली की पांढरी बुरशी. मागे पट्टा असलेले रबरी फ्लोटर्स घे. पट्टा नसला की प्रत्येक पावलाला टाच चिखल उडवते आणि पोटऱ्यांपासून कुर्तीच्या मागच्या बाजूपर्यंत ठिपके ठिपके, तुला दिसत नाहीत आणि मागच्यांना सगळे दिसतात. बॅगेत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जास्तीची लेगिंग कायम ठेव. पणजीत कोरडं असतं तेव्हासुद्धा वाळपईला ओतत असतं, तुम्ही घाटाला लागून आहात ना.

पांढरं पावसात नकोच. तरी घातलंस आणि तांबडी माती लागली तर तिथल्या तिथे चोळू नको, चोळलं की आत जाते. वाळू दे, झटक, कोरडा ब्रश मार, मग गार पाणी आणि साबण. आणि ब्लीच चुकूनही नको, आपल्या जांभ्या मातीत लोखंड असतं, ब्लीचने तो डाग उलट पक्का बसतो. लिंबू-मीठ लावून उन्हात टाकलं तर फिका होतो. ऊन मिळालं तर.

‘सभ्य पोशाख’चं काय, तर प्रत्येक कॉलेजचं सभ्य वेगळं. कुठे स्लीव्हलेसला कोणी काही म्हणत नाही, कुठे गेटवरचा वॉचमनच टेलरमास्टर. पहिला आठवडा बाहीवाले कपडे घाल आणि लायब्ररीच्या रांगेत सिनियर मुली काय घालून उभ्या असतात ते बघ, सगळं कळतं. म्हणूनच चार हजार एकदम उडवू नकोस. आत्ता निम्मे, बाकीचे वर्ग बघून झाल्यावर.

बॅकबेंचर_फर्मागुडी

एवढा विचार? टीशर्ट, पँट, निघा. इंजिनियरिंगला सबमिशनच्या आठवड्यात लोक कालचेच कपडे घालून येतात, कोणी बघत नाही कोणाला.

म्हापशेकरीण

तुला कोणी बघत नाही पात्रांव. मुलीने सोमवारचा टॉप बुधवारी परत घातला की कँटीनमध्ये विचारतात, ‘एकच आहे काय गो?’ आणि विचारणारी मुलगीच असते हे त्याहून वाईट.

@सत्तरीची_पोर, यावर माझा उपाय म्हणजे तीन-चार प्लेन खालच्या पँट आणि वरचे सगळे एकमेकांशी जुळतील असे रंग. नेव्ही, मरून, बॉटल ग्रीन, मस्टर्ड. ओढणी बदलली की ड्रेस बदलल्यासारखा दिसतो, आणि ओढणी बसमध्ये डोक्यावर घ्यायला, एसी हॉलमध्ये खांद्यावर घ्यायला, बाकावरचं पाणी पुसायला (हो पुसते मी) कामाला येते. आणि कोणी विचारलंच एकच आहे काय, तर हो म्हणून मोकळं व्हायचं. पुढचा प्रश्न विचारायला त्यांच्याकडे काही उरत नाही.

बॅकबेंचर_फर्मागुडी

मुलांनाही बोलतात हो, फक्त आम्ही त्याची पोस्ट करत नाही. आमच्या हॉस्टेलात जुलैमध्ये बेल्ट कपाटातून काढला तर हिरवा. हिरव्या रंगाचा नाही, हिरवा झालेला. मी तोच पुसून प्रेझेंटेशनला घातला आणि सरांनी मार्क सोडून बेल्टबद्दल विचारलं.

एक कामाचं सांगतो. फर्मागुडीला असल्यामुळे आमचे सगळे बाहेरचे मित्र आले की मंगेशीला जायचं म्हणतात आणि निम्मे शॉर्ट्समध्ये असतात. तिथे आत सोडत नाहीत. जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकालाही तेच, खांदे उघडे आणि शॉर्ट्स चालत नाहीत. पिकनिकच्या नादात वर्गातल्यांबरोबर कुठे निघालात तर बॅगेत ती ओढणी असू दे, म्हापशेकरीणबाईंचं एवढं एक मला पटलं.

आणि स्कूटर घेणार असशील पुढे, तर छत्रीवर पैसे घालू नको, टू-पीस रेनसूट घे. पॉन्चो वाऱ्याने तोंडावर येतो.

परीक्षानळी

मी केमिस्ट्री शिकवतो, कुठे ते राहू दे. बाळ, तुझ्या यादीत प्रॅक्टिकलचा विचार कुणीच केला नाही म्हणून लिहितो.

प्रॅक्टिकलच्या दिवशीचे कपडे वेगळे ठेव आणि ते जुने असू देत. ॲप्रन सुती आणि पूर्ण बाहीचा घे, गुडघ्यापर्यंत यायला हवा. टेरिकॉटचा स्वस्त मिळतो, इस्त्रीही कमी लागते, पण बर्नरजवळ सिंथेटिक कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं, सुती निदान चिकटत नाही. नायलॉनची ओढणी लॅबच्या बाहेर खुंटीला. मुलींना हे सांगितलं की त्या ती कमरेला बांधतात, तेही नको, टोक सुटतंच. केस बांधलेले आणि पायात बंद बूट. वर फ्लोटर्सचा सल्ला दिलाय तो रस्त्यासाठी योग्यच आहे, पण ॲसिडचा थेंब उघड्या पावलावरच पडतो, टेबलाच्या उंचीवरून दुसरं कुठे पडणार? एक साधा कॅनव्हासचा जोड लॉकरमध्ये नाहीतर बॅगेत ठेव.

सुती कापडाची एक गंमत मात्र आहे. पातळ सल्फ्युरिक ॲसिडचा शिंतोडा उडाला तर त्या वेळी काहीच दिसत नाही. पाणी उडून जातं, ॲसिड मागे राहून तीव्र होत जातं, आणि घरी धुतल्यावर आई विचारते की या ड्रेसला उंदराने कुरतडलंय का. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या कुणाच्या तरी चवथीच्या ड्रेसचं हे होतं. शिंतोडा उडाला वाटलं की तिथल्या तिथे भरपूर पाण्याने धुवायचं, भिजली तर भिजली.

स्लीव्हलेसबद्दल माझं मत विचारशील तर वर्गात मला काही फरक पडत नाही, मी फळ्याकडे बघतो. प्रॅक्टिकलला ॲप्रन असतोच. स्टाफरूममध्ये मात्र मतं वेगवेगळी आहेत आणि व्हायव्हाला कोण समोर बसेल ते आधी कळत नाही, त्या दिवशी साधा कुर्ता बरा.

सत्तरीची_पोर

बापरे एवढं सगळं! खूप खूप आभार. सर, सुती ॲप्रनच घेते. पेडण्याच्या ताई, पट्टावाले फ्लोटर्स लिहून ठेवले, मी नेमक्या पट्टा नसलेल्या बघून ठेवल्या होत्या.

सोशलचं कोणी सांगा ना. ग्रुपवर एकीने विचारलं ‘गाऊन की ड्रेस’ आणि मला दोन्हीतला फरक कळला नाही, आमच्याकडे गाऊन म्हणजे आई घरात घालते तो.

फातोर्ड्याची_फुलराणी

हाहा, तो गाऊन घालून गेलीस तर बेस्ट ड्रेस्ड प्राइझ तुलाच.

मी मडगाव साइडची, घरी मराठी पण वर्गातल्या निम्म्या मैत्रिणी कॅथलिक, त्यामुळे सोशल, लग्नं, फेस्ट सगळं पाहिलंय. सोशल म्हणजे गॅदरिंग नव्हे. स्टेजवर कोणी नाचत नाही, सगळे खाली हॉलमध्येच नाचतात, डीजे असतो, बजेट असेल तर बँड. सुरुवातीला कोणीच उठत नाही, सगळे भिंतीला लागून पेप्सी पीत मोबाईल बघतात. मग जाइव्हची, म्हणजे जोडीने नाचायची, गाणी लागतात, ज्यांना येतं ते उठतात, नजर लागेल अशी त्यांची पावलं असतात कारण ते लहानपणापासून घरच्या लग्नांत नाचत आलेत, त्यांच्याशी तुलना करू नको. शेवटी कोंकणी मसाला, म्हणजे एकापाठोपाठ एक धमाल कोंकणी गाणी, लागतो आणि मग कोण येतं कोण नाही हा प्रश्नच राहत नाही, सगळी पोरं एकमेकांच्या पायावर.

आता कपडे. गाऊन म्हणजे पायापर्यंतचा, तो फेअरवेलला नाहीतर लग्नाच्या रिसेप्शनला घालतात. फ्रेशर्सला गुडघ्यापर्यंतचा नाहीतर पोटरीपर्यंतचा साधा ड्रेस पुरतो. आत सायकलिंग शॉर्ट्स हवीच, जाइव्हमध्ये कोणीतरी हात धरून गर्रकन फिरवतं आणि घेर वर जातो, मला हे कोणी सांगितलं नव्हतं. हील्स नको. घालायच्याच असतील तर जाड टाचेच्या, कारण टाइल्सवर सांडलेल्या पेप्सीवरून पेन्सिल हीलवाल्या मुली धडाधड पडतात आणि त्याचे व्हिडिओ राहतात. मुलं ब्लेझर घालून येतात, ऑगस्टच्या घामट हवेत अर्ध्या तासात सगळे ब्लेझर खुर्च्यांवर, आणि निघताना कोणाचा कोणता यावरून गोंधळ, बहुतेक तर भाड्याने नाहीतर मामाकडून आणलेले असतात.

थीम ब्लॅक अँड रेड आहे ना? मग लाल घाल की गो! दोन्ही एकदम अंगावर हवेत असं कुठे लिहिलंय? काळी क्लिप लाव, झालं. आई खूश, सिनियर खूश.

आणि पुढे कोणी कॅथलिक मैत्रीण बहिणीच्या लग्नाला बोलावेल तेव्हा लक्षात ठेव, काळं तिथे आरामात चालतं, टाळायचा तो पांढरा. पांढरा नवरीचा.

डिचोलीची_आई

मुलांच्या गप्पांत एक आई बोलते, राग मानू नका. माझी मुलगी पणजीलाच शिकते म्हणून सगळं वाचलं.

काळ्याचं मी सांगते. बाळा, आईला विचार संक्रांतीला आपण काय नेसतो. काळी चंद्रकळा आपल्यात मुद्दाम घेतात, सुनेच्या पहिल्या संक्रांतीला तर हौसेने घेतात. पूजेला, लग्नमुंजीला काळं नको हे बरोबर, पण कॉलेजच्या नाचाला कसला मुहूर्त? आईला खरं तर काळ्याची भीती नसते, रात्रीची असते. रंगावरून भांडलं की बरं पडतं एवढंच. तिला तू कशी जाणार, कोणाबरोबर परत येणार ते आधी सांग, बघ रंगाचं नाव काढते का.

कारण खरा प्रश्न शेवटच्या बसचा आहे. वाळपईला संध्याकाळनंतर बसेस कमी होतात आणि सोशल रंगात येतो त्याच वेळेला तुला निघावं लागणार. पणजीत नातेवाईक असतील तर त्या रात्री तिथे रहा, नाहीतर दोन-तीन मैत्रिणींनी मिळून कोणाच्या तरी बाबांना गाडी घेऊन बोलवा. आमची सकाळी कॉलेजच्या कपड्यातच जाते, ड्रेस गुंडाळी करून बॅगेत, घडी घातली की घडीवर सुरकुती पडते पण गुंडाळलं की पडत नाही, लेडीज रूममध्ये बदलते, आणि निघताना परत सलवार-कुर्ता. ती म्हणते आई बसमध्ये लोक बघतात. बघतात, खरं आहे. मला त्याचा राग येतो, तिने कपडे का बदलावेत असं वाटतं, पण रात्रीच्या बसला मीच तिला बदलून ये म्हणते.

खरेदीचं म्हणशील तर सत्तरीतली माणसं केरीवरून चोर्ला घाट चढून बेळगावला जातात, तुझ्या आईलाही माहीत असणार. खडे बाजारात ड्रेस मटेरियल पणजीपेक्षा स्वस्त पडतं, साड्या शहापूरला. पावसाआधी जाऊन या, नंतर घाटात धुकं आणि दरडी. कापड तिथून आणायचं आणि गावच्या टेलरकडे टाकायचं, तयार कुर्तीच्या पैशात मापाचे दोन होतात. १८ जून रोडला काचेच्या दुकानांत शिरू नको, एसीचे पैसे आपण भरतो.

केप्याची_बाय

कुणबी साडीबद्दल लिहिते कारण मी गावडा समाजातली आहे आणि दरवर्षी ट्रॅडिशनल डे आला की माझ्या पोटात गोळा येतो.

नेसू नका असं मी म्हणत नाही. जरूर नेसा. पण काय नेसता ते माहीत असू दे. माझी आजी तेच कापड नेसून शेतात जायची. जाड सुती, लाल-पांढरी चौकट, नेस पोटरीपर्यंत म्हणजे चिखलात वावरता येतं, आणि पदर खांद्यावर गाठ मारून बांधलेला म्हणजे दोन्ही हात मोकळे. भाताची लावणी करायला वाकलं तरी पदर सुटत नाही. पिना बिना काही नाही. मध्यंतरी ते विणणारेच राहिले नव्हते, बाजारात पॉवरलूमचं आलं आणि आमच्याच बायका नायलॉन नेसायला लागल्या, सोपं पडतं म्हणून. २०१० च्या सुमारास कोलवाळच्या फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती साडी परत विणून घेतली आणि दिल्लीच्या फॅशन वीकमध्ये दाखवली, त्यानंतर शहरातल्या बायकांना ती हवीशी झाली. त्यांना २०१४ ला पद्मश्री मिळाली, २०२० ला ते गेले. चांगलं काम केलं, माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या समाजाला अनुसूचित जमातीचा (एसटी) दर्जा मिळायला २००३ उजाडलं, आणि ज्या वर्गात कुणबी साडीचे फोटो निघतात त्याच वर्गात राखीव जागेवरून आलेल्या मुलीला टोमणे बसतात, हे दोन्ही मी एकाच बाकावर बसून पाहिलंय.

मला त्रास होतो तो सोंगाचा. साडी नेसायची आणि मग डोक्यावर टोपली, हातात कोयता, फोटोला जीभ बाहेर. नऊवारी नेसून कोणी असं करतं का? नथ घालून ऐटीत उभ्या राहता ना? मग तशाच उभ्या रहा.

विकत घ्यायची तर फसू नको. ‘कुणबी साडी’ म्हणून पॉलिएस्टरवर चौकटी छापलेल्या भरपूर विकतात. कापड उलटं करून बघ, विणलेली चौकट दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, छापलेली मागून फिकट. काठाचा एक धागा काढून जाळून बघ, सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि राख, पॉलिएस्टरची वितळून कडक गोळी होते. हातमागाची खरी घ्यायची तर तुझ्या चार हजारातला मोठा घास जाईल, एका दिवसासाठी मी तरी घेणार नाही. वर्गात आमच्यातली कोणी असेल तर तिला विचार, तिच्या घरी असेल, आणि तिची आई नेसवूनही देईल. व्हिडिओ बघून ती गाठ नीट बसत नाही.

म्हापशेकरीण

@केप्याची_बाय हे आमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकू का? तुझं नाव न घालता.

केप्याची_बाय

टाक. टोपलीचं मुद्दाम टाक.

सत्तरीची_पोर

बाय, तुमचं वाचून मी ग्रुपवर लिहिलं की ज्याने त्याने आपल्या घरचं नेसूया. दोघी रुसल्यात, मॅचिंग फोटो येणार नाहीत म्हणून. आजीची नऊवारी आहे, मला नेसता येत नाही पण आजी तयारच आहे, तिने आतापासून काष्ट्याची तालीम सुरू केलीय.

काकू, तुम्ही म्हणालात तसंच झालं. आईला सांगितलं की पर्वरीच्या आत्याकडे राहणार आणि आत्या स्वतः घ्यायला येणार, तर म्हणाली मग काळं घातलंस तरी चालेल. आता मलाच लाल हवंय. आईची एक जुनी लाल सिल्क आहे, तिचा ड्रेस शिवून घेऊ का? खराब तर होणार नाही?

शिलाई_मशीन

माझी आई टेलर, मी तिच्या हाताखाली काजं-बटणं करते, म्हणून सांगते. शिवण्याआधी साडी उजेडासमोर धर आणि घड्यांच्या रेषेवर दोन बोटांनी हलकेच ताण. जुनी सिल्क घड्यांवर विरते, वरून धड दिसते आणि नाचताना टर्रकन जाते. विरली असेल तर शिवू नकोच, आईला तशीच परत दे. धड असेल तर साडीत साडेपाच मीटरच्या आसपास कापड असतं, गुडघ्याखालच्या ए-लाइन ड्रेसला तीनेक मीटर पुरे, पदराचा भाग पुढच्या गळ्याला घे आणि काठ खालच्या घेराला. कापताना घडीच्या रेषा कंबरेवर आणि काखेत येऊ देऊ नको म्हणावं, ताण तिथेच पडतो. आत सुती अस्तर हवंच, घामाने सिल्कला डाग पडतात आणि ते जात नाहीत. चेन बाजूला लाव, पाठीला नको, बदलताना कोणाला तरी हाक मारावी लागते. शिवणीत एक इंच जास्तीचं ठेवायला सांग, फेअरवेलपर्यंत माप बदलतं.

आणि माप आत्ताच देऊन टाक. चवथ जवळ आली की गोव्यात कुठलाही टेलर नवीन कपडा हातात घेत नाही, आमच्याकडे तेव्हा पिशव्यांवर पिशव्या असतात आणि आई फोनच उचलत नाही.